दिअर्मिद मॅक केर्वल
दिअर्मिद मॅक केर्वल (मृत्यू इ. स. ५६५) हा सहाव्या शतकातील आयर्लंडच्या टारा (सर्वोच्च राजपदाचे परंपरागत पीठ) येथील राजा. आयर्लंडच्या उत्तर व मध्य भागांत प्रबळ असलेल्या ई नेल या राजघराणेसमूहातील दक्षिण शाखांचा तो मूळपुरुष मानला जातो. त्याचा राज्यकाल सामान्यतः ५४४ ते ५६५ असा धरतात. मात्र आयरिश इतिवृत्तांतील या काळाच्या नोंदी एक-दोन वर्षांनी मागेपुढे होतात, त्यांतील बऱ्याचशा उत्तरकाळी भरलेल्या असाव्यात आणि ‘अल्स्टर इतिवृत्ता’ची आज उपलब्ध असलेली हस्तलिखितेही पंधराव्या शतकाच्या आधीची नाहीत. त्यामुळे पुढील सर्व वर्षे स्थूलमानानेच घ्यावीत.

परंपरागत वंशावळीनुसार दिअर्मिद हा फर्गस केर्वेलचा मुलगा, कोनल क्रेम्थानचा नातू आणि ई नेलांचा आद्यपुरुष निअल याचा पणतू होय. काही अभ्यासकांना ही वंशावळ संशयास्पद वाटते. त्याच्या वंशजांनी सत्ता मिळवल्यानंतर तिला मान्यता मिळावी म्हणून त्याचे नाव निअलच्या वंशवृक्षाला जोडले असावे, असे त्यांचे मत आहे. आयर्लंडमध्ये वंशावळी राजकीय सोयीनुसार बदलल्याची इतर उदाहरणे पाहता ही शंका अगदीच निराधार नाही; तथापि तिला निर्णायक पुरावा नाही. पूर्वीचा राजा तुअथल मेलगार्व याच्या वधानंतर दिअर्मिद गादीवर आला. वध करणारा मेल मोर हा दिअर्मिदचा आप्त असल्याचे परंपरा सांगते.

इतिवृत्तांत ५५८ व ५६० या दोन वर्षांखाली दिअर्मिदने ‘टाराचा उत्सव’ साजरा केल्याची नोंद आढळते. एकच प्रसंग दोनदा नोंदला गेला असण्याची शक्यता अधिक. राजाचा भूमिदेवतेशी विवाह लावणारा हा ख्रिस्तपूर्व परंपरेतील विधी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दिअर्मिदनंतर तो झाल्याची नोंद नाही, म्हणून त्याला टाराचा अखेरचा अर्धमूर्तिपूजक राजा म्हणण्याचा प्रघात पडला. याउलट स्कॉटलंडजवळील आयोना बेटावरच्या मठाचा अधिपती अडॉमनान याने इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेल्या, त्या मठाचा संस्थापक संत कोलंबा याच्या चरित्रात त्याला देवानेच नेमलेला अवघ्या आयर्लंडचा शासक म्हटले आहे. अडॉमनानचे हे विधान त्याच्या स्वतःच्या काळातील राजकारणाला धरून आहे, हे विसरता येत नाही.

कूल द्रेम्ने येथील लढाई (५६१) हा दिअर्मिदच्या कारकिर्दीतील सर्वाधिक चर्चिलेला प्रसंग. हे ठिकाण आजच्या स्लायगो परगण्यात बेनबुल्बेन डोंगराजवळ होते. उत्तरेकडील ई नेल शाखा आणि पश्चिम आयर्लंडमधील कॉनॉटचा राजा आएद यांनी मिळून येथे दिअर्मिदचा पराभव केला. कोलंबाच्या आश्रयाला आलेल्या कुर्नान या कॉनॉटच्या राजपुत्राला दिअर्मिदने मारविले, हे कारण इतिवृत्तपरंपरेत दिले जाते. कोलंबाने दुसऱ्याच्या ग्रंथाची गुपचूप नक्कल केली आणि ‘जिची गाय तिचे वासरू’ या न्यायाने दिअर्मिदने ती नक्कल मूळ ग्रंथाच्या मालकाला देवविली, ही प्रसिद्ध कथा मात्र फार उशिराची आहे. सोळाव्या शतकातील कोलंबाचरित्रात ती विस्ताराने येते. अडॉमनान लढाईचे कारण देत नाही. कोलंबा तिच्यानंतर दुसऱ्या वर्षी ब्रिटनला गेला, एवढेच तो सांगतो. दिअर्मिदसाठी फ्रेखान नावाच्या माणसाने ‘द्रुइडांचे (ख्रिस्तपूर्व धर्मातील पुरोहितांचे) कुंपण’ रचले आणि ते ओलांडणारा मग्लाने नावाचा माणूस तेवढा ठार झाला, असा तपशील इतिवृत्तांत आहे. यानंतर लवकरच मध्य आयर्लंडमधील तेथबा या प्रदेशाच्या राजानेही दिअर्मिदचा पराभव केल्याची त्रोटक नोंद मिळते.

मध्य आयर्लंडमधील क्लोनमॅकनॉइज मठाच्या स्थापनेत दिअर्मिदने संत किअरानला साहाय्य केल्याची परंपरा आहे. तेथील दहाव्या शतकारंभीच्या शिल्पांकित क्रूसावर हे दोघे पहिला खांब रोवताना दाखविले आहेत, असे अनेकजण मानतात. क्रूस उभारणारा राजा फ्लान शिन्ना दिअर्मिदच्याच वंशातला असल्याने या परंपरेमागील हितसंबंध उघड आहेत.

दिअर्मिदला ईशान्य आयर्लंडच्या अँट्रिम भागातील राथ बेग येथे आएद दुव या क्रुथिन (त्या भागातील एक जनसमूह) राजाने मारले. उत्तरकालीन आख्यानात दिअर्मिदला एकाच बीजाच्या जवसापासून विणलेला सदरा आणि एकाच दाण्यापासून बनवलेली बिअर दिली जाते. मग भाल्याचा वार, आग आणि बिअरच्या पिंपात बुडणे, असे तिहेरी मरण येऊन त्याच्या मृत्यूविषयी आधी केलेले भाकीत खरे ठरते. अडॉमनान मात्र असाच शेवट मारेकऱ्याचा सांगतो : पुढे धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेला आएद दुव भाला लागून नावेच्या नाळेवरून पाण्यात पडून बुडाला. हा कथाघटक एकाकडून दुसऱ्याकडे गेला असणे संभवते. दिअर्मिदचे मस्तक क्लोनमॅकनॉइज येथे व धड कॉनर येथे पुरल्याचे इतिवृत्ते सांगतात.

त्याच्या मुलांपैकी कोलमान मोरपासून क्लान खोलमान आणि आएद स्लानेपासून शील नैदो स्लाने ही घराणी निघाली. कोलंबाने बजावूनही आएद स्लानेने ६०० मध्ये पुतण्या स्विव्ने याला मारले आणि ६०४ मध्ये स्विव्नेच्या मुलाने त्याचा सूड घेतला. सातव्या शतकात शील नैदो स्लाने वरचढ होते. ७४३ मध्ये दोनल मिदी टाराच्या गादीवर आल्यापासून क्लान खोलमानने उत्तरेच्या शाखेशी आलटून-पालटून ते राजपद भोगले. १००२ मध्ये दक्षिणेकडील मन्स्टरचा राजा ब्रायन बोरू याच्यापुढे माघार घेणारा मेल शेखनल याच शाखेचा होता.