चर्चच्या अंगणातला ब्रॉडवे: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

टेक्सासमधल्या अ‍ॅबिलीन ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत दर वर्षी शरदात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, त्याला तिथे ‘होमकमिंग’ म्हणतात. मेळाव्याचं एक मोठं आकर्षण म्हणजे विद्यार्थ्यांनी उभा केलेला ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचा, संगीत प्रयोग (‘म्युझिकल’). वाद्यवृंद, नाच, झगमगते पोशाख, सगळा थाट. आता गंमत बघा. ही संस्था ज्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ परंपरेतून उभी राहिली, त्या परंपरेत रविवारच्या उपासनेला वाद्य चालत नाही. पियानो नाही, ऑर्गन नाही. गायचं ते नुसत्या गळ्यानं. नव्या करारात उपासनेसाठी वाद्यांचा आदेश नाही, मग ती आणायची कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. वाद्यांवरून एकाच पंथात इतकी ताणाताणी झाली, की १९०६च्या धार्मिक जनगणनेत अमेरिकी सरकारनं त्यांची दोन वेगळ्या पंथांत नोंद केली. अ‍ॅबिलीनमध्ये ही संस्था सुरू झाली तीही १९०६ मध्येच.

म्हणजे ज्यांनी देवळात पेटी येऊ दिली नाही, त्यांच्याच रंगमंचाखाली तुताऱ्या आणि व्हायोलिनं वाजतात. आर्कान्सामधल्या हार्डिंग युनिव्हर्सिटीची कथाही अशीच. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. उपासना वेगळी आणि करमणूक वेगळी, ही रेघ त्यांनी स्पष्ट आखली आहे. पण करमणुकीच्या बाजूला नाटक बसू शकतं, हे मान्य व्हायलाच तीनशे वर्षं लागली.

चर्च आणि नाटक यांच्या या भांडणाची मुळं इंग्लंडातली. विल्यम प्रिन नावाच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट, वकिलानं १६३३ मध्ये नाटकांविरुद्ध हजारेक पानांचा ग्रंथ छापला. त्यात नटींना दिलेली शेलकी विशेषणं राणीला उद्देशून आहेत असं ठरलं, कारण राणीला स्वतःला दरबारी नाटकात भाग घ्यायची हौस होती. प्रिनचे कान कापले गेले. पण नऊ वर्षांनी डाव उलटला. १६४२ मध्ये पार्लमेंटनं लंडनची नाटकघरंच बंद केली. हाच दृष्टिकोन घेऊन प्युरिटन मंडळी समुद्रापार गेली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० साली नाटकबंदीचा कायदा झाला. १७७४ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसनं इंग्लंडशी व्यापार तोडण्याचा ठराव केला, त्यातही घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी आणि नाटकं एकाच ओळीत टाकली. नाटक ते, पण पंगत कोंबड्यांची.

नंतरच्या दोन घटनांनी पाद्र्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं. १८११ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियातल्या रिचमंडचं नाटकघर जळालं आणि ७२ माणसं गेली. देवाचा कोप, अशी प्रवचनं झाली आणि त्याच जागेवर स्मारक म्हणून चर्च बांधलं गेलं. ते आजही उभं आहे. दुसरी घटना १८६५ मधली. अब्राहम लिंकनला गोळी लागली ती नाटकघरात, आणि तीही गुड फ्रायडेच्या रात्री. राष्ट्राध्यक्ष अशा दिवशी तिथे गेलेच कसे, ही कुजबुज शोकसभांमधूनही ऐकू येत होती. फोर्ड्स थिएटरची जागा त्याआधी बाप्टिस्ट चर्चची होती. तिथे उलट झालं होतं: प्रार्थनाघराचं नाटकघर.

लगेच पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डनमध्ये ‘द ब्लॅक क्रूक’ आला. पुष्कळ इतिहासकार अमेरिकी म्युझिकलची सुरुवात इथून मानतात. पाच तासांहून लांब प्रयोग, तंग विजारीतल्या नर्तिकांचा ताफा, आणि ४७४ प्रयोग. व्यासपीठांवरून निषेध झाला, आणि निषेधानं तिकीटविक्री वाढली. तेव्हा म्युझिकल आणि चर्च यांची ओळखच भांडणातून झालेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर पंथांनी नियम कागदावर आणले. मेथडिस्टांनी १८७२ मध्ये नाच, पत्ते आणि नाटक पाहणं नावानिशी निषिद्ध केलं. ती यादी १९२४ पर्यंत टिकली. मिशिगनमधलं कॅल्व्हिन हे ज्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चचं कॉलेज, त्या चर्चनं १९२८ मध्ये ‘ऐहिक करमणुकी’ म्हणून याच तिघांवर ठपका ठेवला. त्यात सिनेमाही आलाच, आणि त्याच्याकडे नव्यानं बघायला १९६६ उजाडलं.

कॅथलिकांचा रस्ता निराळा होता. मध्ययुगातली धार्मिक नाटकं त्यांच्या उपासनेतूनच जन्मलेली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांमध्ये नाटक हा शिक्षणाचाच भाग. मात्र १५९९ च्या त्यांच्या अभ्यासक्रम-नियमावलीत अटी होत्या: भाषा लॅटिन, विषय पवित्र, आणि स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष नको. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला शेवटची अट जरा चमत्कारिकच वाटेल.) या पूर्वपीठिकेमुळे अमेरिकेत ब्रॉडवेशी खरी सोयरीक जमली ती कॅथलिक संस्थांची. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत फादर गिल्बर्ट हार्टकी या डॉमिनिकन धर्मगुरूंनी १९३७ मध्ये नाट्यविभाग काढला. तिथे शिकवायला आलेले वॉल्टर कर पुढे न्यूयॉर्कचे दबदबा असलेले समीक्षक झाले. आज ब्रॉडवेवर त्यांच्या नावाचं थिएटर आहे. करांनी विद्यापीठात लोकगीतं गुंफून एक संगीत प्रयोग रचला, ‘सिंग आउट, स्वीट लँड!’, आणि १९४४ मध्ये तो थेट ब्रॉडवेवर गेला. त्याचा नायक गाणं गातो म्हणून प्युरिटनांच्या रोषाला बळी पडतो आणि खलनायकाचं नाव आहे ‘पार्सन किलजॉय’. कॅथलिक विद्यापीठानं प्रोटेस्टंट शेजाऱ्याला काढलेला हा गोड चिमटाच म्हणायचा.

त्याहून मला आवडतो तो सिस्टर ग्रेगरींचा किस्सा. शिकागोजवळच्या रिव्हर फॉरेस्टमधल्या रोझरी कॉलेजच्या नाट्यविभागाच्या त्या प्रमुख. मेरी मार्टिन या ब्रॉडवेच्या तारकेशी त्यांची मैत्री होती. मार्टिन ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये मठात उमेदवारी करणाऱ्या मारियाची भूमिका करणार होती, तेव्हा मठातलं आयुष्य आतून कसं असतं हे या सिस्टरनी तिला आणि लेखकमंडळींना पत्रांतून समजावलं. मठ म्हणजे जगापासून पळून लपण्याची जागा नव्हे, हा त्या पत्रांमधला मुद्दा मदर अ‍ॅबेसच्या, म्हणजे मठाच्या प्रमुखाच्या, पात्रात आणि तिच्या गाण्यात उतरला. १६ नोव्हेंबर १९५९ ला सुरू झालेल्या या म्युझिकलचे १,४४३ प्रयोग झाले. त्यानंतर ख्रिस्ती कॉलेजांनी ते किती वेळा उभं केलं असेल त्याला गणती नाही, पण त्यातल्या जोगिणी अशा जिवंत का वाटतात, याचं थोडं श्रेय एका ख्रिस्ती कॉलेजच्याच नाटकवालीला जातं. ब्रॉडवेकडून कॉलेजकडे जाणारा रस्ता उलट्या दिशेनंही वाहता होता.

प्रोटेस्टंटांकडे दार उघडलं ते मात्र वेगळ्या कारणानं, आणि माझ्या मते ते कारण धार्मिक नव्हतंच. ३१ मार्च १९४३ ला ‘ओक्लाहोमा!’ आला आणि २,२१२ प्रयोग चालला. त्यानं नमुना घालून दिला: गाणी कथेतून उगवायची, कथा गावाकडची, शेवट लग्नाचा. आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला पहिली गोष्ट नवी नाही. ‘शाकुंतल’पासून पदं प्रसंगातच येतात. पण अमेरिकेत तोवर बहुतेक संगीत प्रयोग म्हणजे विनोद आणि ठुमके यांची मिसळ होती. ‘ओक्लाहोमा!’पासून १९६४ च्या ‘फिडलर ऑन द रूफ’पर्यंतची वीसेक वर्षं आज ‘सुवर्णकाळ’ म्हणून ओळखली जातात. साठीच्या दशकाच्या शेवटी ‘हेअर’सारखी नग्नता आणि शिव्यांसह आलेली म्युझिकल्स बघितल्यावर या जुन्या मंडळींना अचानक सोज्वळपणाचं तेज चढलं. जी करमणूक आजोबांना पाप वाटत होती, तीच नातवाला ‘घरच्यांबरोबर बसून बघता येईल अशी’ वाटू लागली. म्युझिकल बदललं नाही; त्याच्या शेजारी काय ठेवलं गेलं ते बदललं.

आणि हा सोज्वळपणा बराचसा आठवणीतला आहे. ‘ओक्लाहोमा!’मध्ये अश्लील चित्रं जमवणारा जड नावाचा शेतगडी आहे. ‘कॅरोसेल’चा नायक बायकोवर हात उगारतो. ‘साउथ पॅसिफिक’ वर्णद्वेषावर बोट ठेवतं. पण सगळ्यात बोलकं उदाहरण ‘गाईज अँड डॉल्स’चं. २४ नोव्हेंबर १९५० ला आलेलं हे म्युझिकल १,२०० प्रयोग चाललं. न्यूयॉर्कचे जुगारी, रात्रीच्या क्लबातल्या नाचणाऱ्या पोरी, आणि त्यांच्यात रस्त्यावर ढोल वाजवून पापी माणसांना हाक देणारी सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या धर्तीवरची मिशन. मिशनची सार्जंट सेरा आणि अट्टल जुगारी स्काय यांचं प्रेम जमतं. शेवटाकडे पैजेपायी जुगाऱ्यांना मध्यरात्रीच्या प्रार्थनेला बसावं लागतं आणि त्यातल्या एकाची पापकबुली सभागृह दणाणून सोडते. ख्रिस्ती विद्यापीठाला यापेक्षा सोयीचं कथानक कुठून मिळणार! पण त्याच कथानकात क्युबातल्या हवानाचा प्रवेश आहे. तिथे सेरा दुधाचं पेय समजून रम पिते, झिंगते आणि नाचते. विद्यार्थ्यांकडून मद्य न घेण्याची लेखी हमी घेणाऱ्या संस्थेत हा प्रवेश तालमीला आला, की नाट्यविभागप्रमुखाला अध्यक्षांच्या कार्यालयातून बोलावणं येऊ शकतं.

नाचाचा मुद्दा तर त्याहून चिवट. टेक्सासची बाप्टिस्ट बेलर युनिव्हर्सिटी १८४५ मधली. तिच्या आवारात विद्यार्थ्यांचा पहिला अधिकृत नाच झाला १९९६ च्या एप्रिलमध्ये. इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजनं ही बंदी २००३ मध्ये सोडली. एरवी नाचायला मनाई आणि भूमिकेत असताना परवानगी, अशी स्थिती कितीतरी ठिकाणी होती. दक्षिण कॅरोलिनातली बॉब जोन्स युनिव्हर्सिटी सिनेमाघराला विद्यार्थ्यांना जाऊ देत नसे, पण तिथे शेक्सपिअर आणि ऑपेरा थाटात होत. ‘अभिजात’ हा शिक्का लागला की पुष्कळ गोष्टी माफ होतात. सुवर्णकाळातल्या प्रयोगांना आज ‘क्लासिक म्युझिकल’ म्हणतात, त्यातला ‘क्लासिक’ नेमकं हेच काम करतो.

शब्दांवरून मात्र खरी ठिणगी पडली, तीही बेलरमध्येच. १९६२ च्या डिसेंबरात तिथल्या नाट्यविभागानं यूजीन ओनीलचं ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ लावलं. म्युझिकल नव्हे, पण पुढच्या सगळ्यांनी धडा घेतला तो इथून. संवादांतल्या शिव्यांबद्दल तक्रारी आल्या आणि अध्यक्ष अ‍ॅबनर मकॉल यांनी प्रयोग थांबवला. संहितेत काटछाट करायची नाही, अशी लेखकाच्या बाजूची अट होती. विभागप्रमुख पॉल बेकर आणि त्यांचे सगळे सहकारी १९६३ मध्ये राजीनामा देऊन सान अँटोनियोच्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीत गेले. एका नाटकापायी अख्खा विभाग गाव सोडून गेला. ट्रिनिटीही प्रेस्बिटेरियन परंपरेतली, म्हणजे ख्रिस्तीच. एक ख्रिस्ती विद्यापीठ ज्याला घराबाहेर काढतं, त्याला दुसरं घरात घेतं. तेव्हा ‘ख्रिस्ती विद्यापीठांची भूमिका’ अशी एकवचनी भाषा करण्यात काही अर्थ नाही.

आजच्या घडीला या वादात तिसरा पक्ष आहे: प्रयोगहक्क सांभाळणाऱ्या कंपन्या. ‘गाईज अँड डॉल्स’चा संगीतकार फ्रँक लोसर यानंच १९५२ मध्ये म्युझिक थिएटर इंटरनॅशनल उभारायला हात लावला. ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ रचणाऱ्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीच्या कृतींचे हक्क २०१७ पासून कॉन्कॉर्ड या कंपनीकडे आहेत. त्यांच्याकडून परवाना घ्यायचा, संहिता आणि वाद्यांच्या वह्या भाड्यानं आणायच्या, आणि परत करताना पेन्सिलच्या खुणा खोडून द्यायच्या. लेखी परवानगीशिवाय एक शब्द बदलायचा नाही. अमेरिकी कायद्यात उपासनेच्या वेळी सादर होणाऱ्या धार्मिक संगीताला सूट आहे, ‘ओक्लाहोमा!’ला ती कुठल्याही चर्चमध्ये मिळणार नाही.

या अटींनी दिग्दर्शकाला बांधलं असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात त्यांनी त्याला आडोसा दिला. विश्वस्तांपैकी कुणी म्हणालं, की तेवढा एक शब्द गाळा, तर करार पुढे करता येतो: गाळता येत नाही, हवं तर प्रयोगच सोडून देऊ. मग चर्चा वळते ती जिथे करार बहुतेकदा बोलत नाही तिकडे. झग्याची लांबी, चुंबन किती क्षणांचं, हवानाच्या नाचात कमरेला किती काम. शब्द जसेच्या तसे ठेवून प्रयोग सभ्य करायची कला ख्रिस्ती विद्यापीठांच्या रंगकर्मींनी चांगली आत्मसात केली आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर हवानाचा तो प्रवेश अंगचटीला न जाता, निव्वळ विनोदाच्या वेळेवर तोललेला जास्त रंगतो.

हा आडोसा मात्र कायमचा नाही. १९२७ च्या ‘शो बोट’ची गाणी २०२३ मध्ये हक्कमुक्त झाली. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ची मुदत २०३८ अखेर संपते. त्यानंतर जडची ती चित्रं ठेवायची की काढायची, यासाठी न्यूयॉर्कला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. विभागप्रमुख आणि अध्यक्ष समोरासमोर बसतील, आणि मधल्या टेबलावर करार नसेल.