ग्वाल्हेरचे पाळणे आणि घसरगुंड्या

ग्वाल्हेरच्या मधोमध वालुकाश्माची एकटी टेकडी उभी आहे. उंची सुमारे ३०० फूट, कडे तुटलेले, माथ्यावर किल्ला. दक्षिणेला शिंद्यांची छावणी म्हणून वसलेले, मराठी घरांचे लष्कर हे उपनगर. असा आयता डोंगर असूनही इथले जत्रेचे पाळणे वाढले ते सपाट मैदानावर.

यात नवल नाही. घसरगाडीचा, म्हणजे रोलर कोस्टरचा, उगमही सपाट भूमीतला आहे. दलदलीवर वसलेल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये अठराव्या शतकात लाकडी उतार उभारून त्यावर पाणी गोठवत आणि लोक त्यावरून घसरत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये बर्फाची जागा रूळ-चाकांनी घेतली. फ्रेंच भाषेत या खेळाला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात.

ग्वाल्हेरात हा खेळ नांदला तो मेळ्यात. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी १९०५ मध्ये हा मेळा सागरताल येथे सुरू केला, मुख्यतः गुराढोरांच्या व्यापारासाठी. पुढे तो रेसकोर्स रस्त्यावरच्या मैदानात आला. हिवाळ्यात भरणाऱ्या या मेळ्यात व्यापार मोठा, पण मुलांच्या लेखी मेळा म्हणजे पाळणेच. आकाशपाळणा, घोड्यांची चक्री, नावेसारखा झुलणारा कोलंबस, ‘मौत का कुआँ’ आणि घसरगुंडी, जिला मैदानावर सगळे फिसलपट्टीच म्हणतात.

हे पाळणे फिरस्ते असतात. लोखंडी सांगाडा सुटा करून ट्रकवर लादतात, नव्या गावी बोल्टांनी जोडतात. खोल पाया खणत नाहीत. जाड लाकडी ओंडके पसरून त्यावर तळ समपातळीत बसवतात. म्हणूनच त्यांना सपाट जमीन लागते, डोंगर नको असतो. जोडणी करणाऱ्यांचे हे कसब दिव्यांच्या झगमगाटात कुणाला दिसत नाही. खरे तर पाहण्यासारखे तेच आहे.

आकाशपाळण्यात खाली येताना पोटात गोळा येतो, कारण माथ्यावरून वळताना आसन शरीराला नेहमीइतके वर रेटत नाही. मौतच्या विहिरीत उलट घडते: वेगामुळे भिंत चाकांना आत दाबते आणि त्या दाबातून आलेले घर्षण मोटारसायकलीला घसरू देत नाही. वेग मंदावला की पकड सुटते.

पाळणा भरतानाही तोल सांभाळतात. एक पेटी भरली की समोरची भरायची, त्यामुळे चाक थांबत-थांबत फिरते. याच थांब्यात वरच्या पेटीतल्यांना पश्चिमेला किल्ल्याची लांबलचक काळी रेघ दिसते.