महास्वयमवर नाव नोंदवलं, पण पुढे अर्ज अडतो कुठे?

पुण्यात रास्ता पेठेतल्या रोजगार कार्यालयात रांग लावून कार्ड काढायचे दिवस गेले. त्या कार्यालयाचं आजचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नोंदणी होते राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर, आणि ती मोफत आहे. आधार, ओटीपी, शिक्षण, अनुभव भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. फक्त मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाला घाईत त्याचा नंबर टाकतो आणि पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली की ओटीपी त्याच्या फोनवर जातो.

नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे अर्ज झाला, असं समजून घरी बसलेली मुलं कितीतरी पाहिली आहेत. तसं नसतं. लॉगिन करून प्रत्येक जागेला आणि प्रत्येक रोजगार मेळाव्याला वेगळा अर्ज करावा लागतो. तुम्ही अर्ज केलाच नाही, तर कंपनीकडून फोन येईल कसा?

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत, म्हणजे आस्थापनेत काम शिकताना सरकारकडून दरमहा विद्यावेतन मिळतं त्या योजनेत. 9 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वयाची अट 18 ते 35. विद्यावेतन महिन्याला बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये. प्रशिक्षणाची मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती 11 महिने झाली. शिक्षण चालू असेल तर भाग घेता येत नाही. ही कायम नोकरी नाही, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

या योजनेला महाराष्ट्राचा अधिवास दाखला, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला, लागतो आणि तिथेच गाडी अडते. पिंपरी-चिंचवडमध्ये लहानाची मोठी झालेली, पण जन्म आजोळी विजयपूरला किंवा कलबुर्गीला झालेली मुलं घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव कर्नाटकातलं दिसतं आणि राज्यातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे ना भाडेकरार, ना स्वतःच्या नावाचं वीजबिल. कुठल्या कुटुंबाने 15 वर्षांच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतात? हे मागणाऱ्याने एकदा विचारात घ्यायला हवं. अशा वेळी शाळेचा कागदच उपयोगी पडतो. पहिलीपासून ज्या ज्या शाळेत होता, त्या प्रत्येक शाळेकडून कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकलात याचं बोनाफाईड घ्या. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठल्या शाळेकडे वर्ग झालं ते विचारा. मध्ये एखाद्या वर्षाची फट राहू देऊ नका, बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिवास दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे, पण ती परिपूर्ण अर्जापासून मोजतात. त्रुटी निघाली की पुन्हा थांबावं लागतं. म्हणून जाहिरात यायची वाट न बघता दाखला आधीच काढून ठेवा.

दुसरी अडचण नावांची. आधार सासरच्या नावाचं, पदवी माहेरच्या नावाची, अशा मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदल छापलेल्या राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. आधार दुरुस्त करायचं असेल तर दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर पडताळा. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. घाईत चुकीची दुरुस्ती करून बसलात तर पुढे फार जड जातं.

तिसरी, आणि सगळ्यात मनस्ताप देणारी गोष्ट बँक खात्याची. सगळे सांगतात, ‘खातं आधारला लिंक आहे.’ बँकेच्या केवायसीत आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं सीडिंग झालेलं असणं वेगळं. एका आधारवर एकच खातं सीड होतं, आणि पैसे त्याच खात्यात जातात. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातं सीड असतं, त्यात व्यवहार नसतात, आणि मुलगा नव्या खात्याचं पासबुक दाखवत हिंडतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे कोणत्या बँकेचं नाव येतं आणि स्थिती सक्रिय आहे का, हे रुजू होण्याआधीच तपासा.

आता मालकांसाठी. याच योजनेत उमेदवार घ्यायचे तर आस्थापना किमान तीन वर्षं जुनी आणि पोर्टलवर नोंदलेली हवी. ईपीएफ, ईएसआयसी, जीएसटी आणि उद्योग नोंदणीचे कागद लागतात. उद्योगात मनुष्यबळाच्या 10 टक्के, तर सेवा क्षेत्रात 20 टक्के उमेदवार घेता येतात. भोसरीतल्या 20 कामगारांच्या वर्कशॉपला म्हणजे दोनच.

25 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदं रोजगार केंद्राला कळवण्याच्या सक्तीचा 1959 चा कायदाही लागू होता; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या कायद्यात मुलाखतीच्या निदान 15 दिवस आधी पदं कळवावी लागत आणि दर तिमाही संपल्यावर 30 दिवसांत कामगार व रिक्त पदांची माहिती देणारं ईआर-1 विवरण भरावं लागे. ‘आमच्याकडे भरतीच नाही’ म्हणून ते सोडून देता येत नसे. रोजगार केंद्राने पाठवलेलाच उमेदवार घ्या, अशी सक्ती मात्र नव्हती. पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर 500 रुपये, त्यामुळे कुणाला धाकच वाटत नसे. पण न कळवलेली प्रत्येक जागा नोंदणी केलेल्या मुलाला दिसतच नाही, आणि त्याची झळ त्यालाच बसते.

विद्यावेतन अडलं, प्रोफाइल उघडेना, तर रोजगार केंद्रात तोंडी सांगून परत फिरू नका. नोंदणी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख आणि सीडिंग स्टेटसची प्रिंट जोडून अर्ज दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या.