पंचाचा डोळा, पंचाचा खिसा

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती पंचांनी चितपट ठरवली. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. त्यानंतर नाशकात, जुन्या पेठांतल्या तालमींपासून सिडकोतल्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत, जो तो मोबाइलवर ती क्लिप मागेपुढे करून दुसऱ्याला दाखवत होता. शेवटी ठरलेलं वाक्य यायचंच: ‘पंच मॅनेज होता.’

त्या कुस्तीचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण हे वाक्य तपासता येतं. चुकीचा किंवा चुकीचा वाटणारा निर्णय आला की त्यामागे पैसा असतो का, या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत बरंच संशोधन झालंय. त्यातून जे दिसतं ते आपल्या टपरीवरच्या निष्कर्षापेक्षा जास्त मजेदार आहे.

आधी खांद्यांचंच बघू. चितपट देताना दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले हवेत. दोन खांद्यांत हातभर अंतर. आपल्या डोळ्याला खरोखर स्पष्ट दिसतो तो भाग मात्र फार लहान असतो. हात ताणून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढाच. पंच मीटरभर अंतरावर गुडघे टेकून बसलाय असं धरलं, तरी हा स्पष्ट भाग तीन-चार सेंटिमीटरचाच. म्हणजे एका वेळी एकच खांदा नीट दिसणार. नजर एकावरून दुसऱ्यावर न्यायचं ठरवून ती हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, आणि नजर उडी मारत असताना मेंदू दिसणं जवळपास बंदच ठेवतो. तेवढ्यात खालचा पैलवान पूल करून, म्हणजे पाठीची कमान करून, एक खांदा उचलून पुन्हा टेकवू शकतो. त्यात पंच ज्या बाजूला असतो तिथून पलीकडचा खांदा वरच्या पैलवानाच्या दंडाआड गेलेला असतो. म्हणून तर गादीवरच्या कुस्तीत एकट्याच्या डोळ्यावर विसंबत नाहीत. आखाड्यातला पंच, बाजूचा पंच आणि प्रमुख अशा तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं.

डोळा चुकतो, हे कोणीही मान्य करेल. पण तो सरासरी दोन्हीकडे सारखा चुकत नाही. त्याच्या चुकीला दिशा असते.

विम्बल्डनच्या सामन्यांचं चित्रण घेऊन डेव्हिड व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली चार हजारांहून जास्त गुण तपासले. रेषेवरच्या पंचांचे ८३ निर्णय चुकीचे निघाले. पंच नुसता गोंधळला असेल, तर चुका निम्म्या-निम्म्या व्हायला हव्यात: काही वेळा आतला चेंडू बाहेर, काही वेळा बाहेरचा आत. प्रत्यक्षात ८३ पैकी ७० वेळा आत पडलेला चेंडू ‘बाहेर’ दिला गेला होता. कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. वेगाने हलणारी वस्तू आपल्याला ती असते त्यापेक्षा तिच्या दिशेने थोडी पुढे दिसते. चेंडू रेषेच्या आत टप्पा खातो, पण डोळ्याला तो पुढे सरकलेला भासतो. पैसे खाल्ले असते तर चुका एखाद्या खेळाडूच्या बाजूला झुकल्या असत्या. या चुका चेंडूच्या धावेकडे झुकल्या होत्या. संशोधकांनी त्यावरून खेळाडूंना सल्लाही दिला: दाद मागायचीच असेल तर ‘बाहेर’ दिलेल्या चेंडूवर मागा.

फुटबॉलमधल्या ऑफसाइडचंही (पास निघताना हल्ला करणारा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पुढे असण्याचंही) तेच. २००० साली ‘नेचर’मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की रेषेवरचा पंच बहुतेक वेळा शेवटच्या बचावपटूच्या अगदी रेषेत नसतो, थोडा पुढे असतो. त्या तिरक्या कोनातून, हल्ला करणारा खेळाडू बचावपटूच्या कुठल्या बाजूने धावतोय यावर कोणती चूक होणार हे आधीच सांगता येतं. पंचाच्या मनात काय आहे ते न विचारता, नुसत्या भूमितीवरून.

डोळ्यानंतर कान. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल यांच्या गटाने चाळीस पात्र पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्याचं चित्रण दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी फाउल दिले. बंद खोलीत, टीव्हीसमोर बसलेल्या या पंचांना कोण पैसे देणार होतं? पुढे २०२० मध्ये करोनामुळे युरोपात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा हाच प्रयोग आपोआप मोठ्या प्रमाणावर पार पडला. प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली.

हे लक्षात घेतलं की २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतली सरिता देवीची लढत वेगळी दिसू लागते. उपांत्य फेरीत तिने कोरियाच्या मुष्टियोद्धीला चांगलंच ठोकलं होतं असं भारतात जवळपास सगळ्यांचं मत होतं. पंचांनी निकाल यजमान खेळाडूला दिला, सरिताने पदक घ्यायला नकार दिला आणि तिच्यावरच वर्षभराची बंदी आली. तिथे काही शिजलं होतं की नाही, हे एका लढतीवरून ठरत नाही. पण प्रत्येक ठोशाला स्टेडियम कोणासाठी ओरडत होतं, हा प्रश्न विचारायला हवा. माझ्या मते तो आधी विचारायला हवा.

आता क्रिकेट, कारण नाशकात शेवटी सगळं तिथेच येऊन थांबतं. गोल्फ क्लबवर (अनंत कान्हेरे मैदान म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा) रविवारी सकाळी पोरांचे सामने बघा. अंपायर म्हणून उभा असतो तो बॅटिंग करणाऱ्या संघातलाच, आउट होऊन आलेला नाहीतर खालच्या नंबरवर जाणारा. टेनिस बॉलवर पायचीत धरतच नाहीत. का धरत नाहीत ते कोणालाही विचारा: ‘कोण देणार?’ हितसंबंध असलेल्या माणसाच्या हाती अंदाजाचा निर्णय सोपवायचा नाही, एवढं शहाणपण त्या नियमात आहे. पायचीत हा क्रिकेटमधला सगळ्यात जास्त अंदाजाचा निर्णय. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्यात टप्पा कुठे पडला, पॅडला कुठे लागला, बॅटची कड होती का, आणि पॅड मध्ये नसतं तर चेंडू कुठे गेला असता, हे सगळं ठरवायचं. यातलं शेवटचं तर घडलेलंच नसतं.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटने हे शहाणपण उशिरा घेतलं. १९८६ साली पाकिस्तान-वेस्ट इंडीज मालिकेत इम्रान खानच्या आग्रहावरून भारताचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामास्वामी तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. पुढे एक पंच तटस्थ झाला, आणि २००२ पासून दोन्ही. या तीन टप्प्यांमुळे संशोधकांच्या हाती आयती तुलना आली. १९८६ ते २०१२ मधल्या हजार कसोटी सामन्यांचे पायचीत मोजल्यावर असं दिसलं: दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुण्या संघाचे फलंदाज सुमारे १६ टक्के जास्त वेळा पायचीत होत. एक पंच तटस्थ आला की हा फरक १० टक्क्यांवर यायचा. दोन्ही तटस्थ झाले आणि फरक उरलाच नाही.

हा निष्कर्ष मला फुटबॉलच्या प्रयोगापेक्षाही जास्त बोलका वाटतो. मैदान तेच, गर्दी तीच, अपिलांचा गलकाही तोच. बदलला फक्त पंचाचा पासपोर्ट. म्हणजे इथे आवाजापेक्षा आपलेपणा जड होता. हे सगळे यजमान पंच विकले गेले होते असं म्हणायचं, तर नऊ-दहा देशांतले, पंधरा-सोळा वर्षांतले पंच एकाच बेताने विकले गेले असं मानावं लागेल. त्यापेक्षा साधी गोष्ट ही की संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हे प्रामाणिक माणसाचं मनही त्याला न विचारता ठरवून टाकतं.

आणि बघणाऱ्यांचं मन? १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले जितके नियमभंग डार्टमथच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. फिल्म एक, मोजमाप दोन. आपल्या टपरीवरची क्लिप याहून वेगळी नाही. उलट ती जास्त वाईट, कारण आपण ती हळू करून बघतो. संथ गतीत बघितलं की कृती मुद्दाम केल्यासारखी वाटते, हे २०१६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलंय. अर्ध्या सेकंदाची धडपड पाच सेकंद चालली की बघणाऱ्याला वाटतं, याला विचार करायला वेळ होता की!

संशयाला तर पंचाचीही गरज लागत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. निर्णय काट्याने दिला होता. तरी कटाच्या कथा आपल्याकडे संध्याकाळपर्यंत तयार होत्या.

या क्षेत्रातलं सगळंच संशोधन टिकतं असंही नाही. अथेन्स २००४ च्या मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढतींत लाल पोशाखवाले सुमारे ५५ टक्के वेळा जिंकले, म्हणून पंच लाल रंगाला भुलतात अशी बरीच चर्चा झाली. पुढे अनेक ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांची आकडेवारी एकत्र केल्यावर लाल-निळ्याचं प्रमाण जवळपास बरोबरीत आलं. लाल लंगोट घालून आखाड्यात उतरण्याचं शास्त्रीय कारण तूर्तास नाही.

मग लाच नसतेच का? असते, आणि चांगली सिद्ध झालेली असते. जर्मन पंच रॉबर्ट होयझरने २००४ मध्ये सट्टेबाजांसाठी चषक स्पर्धेचा सामना फिरवला. दोन गोल मागे पडलेल्या पाडरबॉर्नने बलाढ्य हॅम्बुर्गला ४-२ ने हरवलं, त्यात संशयास्पद पेनल्टी होत्या. त्याला पकडून दिलं ते त्याच्याच सहकारी पंचांनी, आणि तो तुरुंगात गेला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडी स्केटिंगच्या फ्रेंच परीक्षकाने आपल्यावर दबाव होता असं सांगितलं, नंतर शब्द फिरवला. शेवटी कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. रिओ २०१६ च्या मुष्टियुद्धाची चौकशी करणाऱ्या रिचर्ड मॅक्लारेन यांच्या २०२१ च्या अहवालात लढती फिरवल्या गेल्याचा निष्कर्ष आहे. त्यातला खरा मासला असा की गडबड रिंगमध्ये नव्हे, तिच्या आधीच, कोणत्या लढतीला कोण पंच द्यायचा या टप्प्यावर झाली होती. २०२३ मध्ये मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ऑलिंपिक मान्यताच गेली.

भ्रष्टाचाराची खूण चूक किती मोठी आहे यात नसते. आभाळाएवढी चूकही प्रामाणिक असू शकते. खूण असते चुका कशाच्या मागे जातात यात. डोळ्याची चूक चेंडूच्या वेगामागे जाते, कानाची चूक गर्दीमागे, आपलेपणाची चूक पासपोर्टमागे. लाचेची चूक डावावर लागलेल्या फायद्यामागे जाते. याचं सर्वांत सुंदर उदाहरण पंचांचं नसून पैलवानांचं आहे. जपानी सुमोत पंधरापैकी आठ लढती जिंकल्या की क्रमवारी टिकते. शेवटच्या दिवशी ७-७ वर असलेल्याला विजय हवाच असतो, ८-६ वाल्याला त्याची तेवढी गरज नसते. अर्थशास्त्रज्ञ डगन आणि लेव्हिट यांनी जुन्या नोंदी चाळल्या. अशा जोडीत ७-७ वाला निम्म्या वेळा जिंकायला हवा होता. तो जवळपास ८० टक्के वेळा जिंकत होता. वर, तेच दोघे पुढच्या वेळी भेटले की तो नेहमीपेक्षा जास्त वेळा हरायचा. उधारी फिटत होती! हा अभ्यास २००२ चा. २०११ मध्ये पैलवानांच्या मोबाइलमधले संदेश पोलिसांच्या हाती लागले आणि ओसाकाची स्पर्धा रद्द करावी लागली.

उपायांची गंमत वेगळीच. सॉल्ट लेकनंतर स्केटिंगवाल्यांनी परीक्षकांची नावं गुणांपासून तोडली, म्हणजे कोणी दबाव आणू नये. आपल्या देशाकडे झुकणं त्याने कमी झालं नाही, उलट वाढलं. कारण कोण झुकला हे आता बाहेरच्यांना कळेना. २०१६ मध्ये नावं परत आणावी लागली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने ८६ ठोसे लावले, प्रतिस्पर्ध्याने ३२, तरी निकाल जोन्सच्या विरोधात ३-२ गेला. पुढे चौकशीत लाचेचा पुरावा सापडला नाही, पण मुष्टियुद्धात बटणं दाबून ठोसे मोजायची यंत्रणा आली. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. परिणाम असा की झपाझप मारलेले ठोसे मोजलेच जाईनात, आणि खेळाडू सुटे, दिसतील असे ठोसे मारायला शिकले. २०१३ मध्ये बटणं गेली.

आपल्याकडे स्पर्धांच्या स्कोअरबुकात पंचांची नावं लिहायची जागा असते, बहुतेक वेळा ती भरलेलीही असते. कोणत्या पंचाने कोणत्या संघाला किती पायचीत दिले याची बेरीज मात्र कोणी मांडत नाही. चार-पाच हंगामांची जुनी स्कोअरबुकं, एक लॅपटॉप आणि संख्याशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी एवढ्यावर हे काम होईल. एक पथ्य पाळावं लागेल: दहा-वीस सामन्यांवरून कोणावरही बोट ठेवायचं नाही. कसोटीतला तो झुकाव नीट दिसायला हजार सामने लागले होते.