कर्नर, ऑटो (धाकटे)

(१५ ऑगस्ट १९०८–९ मे १९७६). अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर (१९६१–६८) व नंतर संघीय अपील न्यायाधीश. जन्म शिकागोचा. वडील सातव्या सर्किटच्या (इलिनॉयसह काही राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश, तर सासरे अँटन सर्माक शिकागोचे महापौर. महायुद्धात तोफखान्यात सेवा, मग संघीय सरकारी वकील आणि कुक परगण्याचे न्यायाधीश, अशी कर्नर यांची चढती कमान होती.

१९६७ मध्ये नेवार्क व डेट्रॉइट येथे दंगली पेटल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना चौकशी आयोगाचे अध्यक्ष नेमले. देश काळा व गोरा अशा दोन विभक्त, विषम समाजांकडे चालला आहे, असे आयोगाने १९६८ मध्ये बजावले आणि गोऱ्यांच्या वर्णद्वेषाकडे थेट बोट दाखवले. पुढच्या बदनामीने या अहवालाचे मोल तसूभरही कमी होत नाही. त्याच वर्षी ते वडिलांच्याच न्यायालयात न्यायाधीश झाले.

त्यांना भोवल्या त्या घोड्यांच्या शर्यती. इलिनॉयमध्ये कोणत्या रेसकोर्सला कोणत्या तारखा द्यायच्या हे राज्याचे मंडळ ठरवी आणि मंडळावरील नेमणुका गव्हर्नरच्या हाती असत. कमाई पैजांवर, त्यामुळे चांगल्या तारखा म्हणजे रोख पैसा. आर्लिंग्टन पार्कच्या चालक मार्जरी एव्हरेट यांच्याकडून कर्नर व त्यांचे निकटवर्ती थिओडोर आयझॅक्स यांना शेअर अत्यल्प भावात मिळाले. पाकीट नाही, फक्त शेअरखरेदी. म्हणून व्यवहार वरकरणी गुंतवणुकीसारखा दिसला. खटल्यात एव्हरेट यांनीच सरकारपक्षातर्फे साक्ष दिली.

राज्यातली लाच संघीय न्यायालयात आणण्यासाठी टपालाद्वारे फसवणुकीचा कायदा वापरला गेला. अधिकाऱ्याच्या प्रामाणिक सेवेवर जनतेचा हक्क असतो, तो बुडवला आणि त्या कामी टपाल वापरले, असा युक्तिवाद होता. फेब्रुवारी १९७३ मध्ये खोट्या साक्षीसह १७ आरोप सिद्ध झाले. शिक्षा ३ वर्षे कैद व ५०,००० डॉलर दंड. महाभियोगाने पद काढून घेतल्याशिवाय न्यायाधीशावर खटला चालवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा अपिलात टिकला नाही. स्वतःच्या सहकाऱ्यांपुढे सुनावणी होऊ नये म्हणून हे अपील बाहेरच्या न्यायाधीशांनी ऐकले होते. महाभियोगाची टांगती तलवार होतीच. जुलै १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. फुप्फुसाच्या कर्करोगामुळे १९७५ मध्ये तुरुंगातून लवकर सुटका झाली. लष्करी सेवेमुळे त्यांचे दफन आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत झाले.

‘प्रामाणिक सेवे’चा तो अन्वयार्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात अमान्य केला, अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) १९८८ मध्ये कायदा करून तो परत आणला.