रस्त्यावरचे मीठ (विद्यापीठ परिसरातील)

थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्ते, पायवाटा आणि पायऱ्यांवर जमलेला बर्फ वितळवण्यासाठी, किंवा तो मुळात चिकटूच नये म्हणून टाकले जाणारे मीठ. बहुतेक ठिकाणी हे खाणीतून काढलेले जाडेभरडे सोडियम क्लोराइड असते. अमेरिकेत त्याचा वापर १९४० च्या दशकापासून वाढत गेला. विद्यापीठाच्या आवारात गाड्यांपेक्षा पायी चालणारे जास्त असतात, शिवाय व्हीलचेअरचे उतार आणि इमारतींची दारे सकाळच्या पहिल्या तासाआधी मोकळी व्हावी लागतात. त्यामुळे तिथे मीठ सढळ हाताने पडते. मिनियापोलिसचे मिनेसोटा विद्यापीठ हे याचे बोलके उदाहरण. मिसिसिपी नदी त्याच्या आवारातूनच वाहते.

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. पॉट आइसक्रीम करताना पिंपातल्या बर्फात मीठ घालतात, त्यामागचे शास्त्र हेच. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. पण हा झाला प्रयोगशाळेतला आकडा. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवते, उणे ९ च्या आसपास जेमतेम सहा किलो, आणि तेही तासभर लावून. त्याखाली मीठ टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. इथे हवेचे नव्हे, जमिनीचे तापमान धरायचे असते. मिनियापोलिसमध्ये जानेवारीत पारा बरेचदा याच्याही खाली असतो. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, किंवा नुसती वाळू. वाळूने काहीच वितळत नाही, फक्त पाय घसरत नाही. वसंतात ती झाडून काढावी लागते, नाहीतर गटारे तुंबतात.

खरे काम फावड्याचे आणि छोट्या ट्रॅक्टरला लावलेल्या फिरत्या ब्रशचे आहे. बर्फ पायांखाली दबून कडक होण्याआधी काढला, तर मिठाची गरज निम्म्याहून कमी उरते. दुसरा उपाय म्हणजे वादळाच्या आधीच पायवाटेवर मिठाचे पाणी फवारणे. वाळल्यावर त्याच्या पांढुरक्या समांतर रेषा फरशीवर उमटतात. अनोळखी माणसाला वाटावे, कुणीतरी खडूने ओढल्या आहेत. मिनेसोटा विद्यापीठाने २००६ पासून हे द्रावण स्वतः तयार करणे, फवारणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे सुरू केले. त्यातून खड्यांच्या मिठाचा वापर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. सर्वसाधारण मापही सांगितले जाते: कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ काँक्रीटच्या पायवाटेच्या दहा मोठ्या चौकोनांना पुरते. प्रत्यक्षात दारासमोर मिठाचे ढीग दिसतात. पायाखाली मीठ कुरकुरत असेल, तर ते जास्त झाले आहे असे खुशाल समजावे.

बर्फ वितळतो, मीठ मात्र कुठेच जात नाही. पावसाळी गटारांतून ते प्रक्रियेविना नदीत उतरते. सांडपाणी केंद्रांतही क्लोराइड वेगळे काढले जात नाही. एका लिटरमागे २३० मिलिग्रॅम क्लोराइड ही जलचरांसाठीची दीर्घकालीन मर्यादा आहे. चमचाभर मिठाने सुमारे १९ लिटर पाणी तिथवर पोचते. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात पडणाऱ्या मिठापैकी सुमारे ७० टक्के मीठ तिथल्याच माती, भूजल आणि तळ्यांत मुरते, असे याच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. खारे पाणी जड असल्याने तळ्याच्या तळाशी बसते. जमिनीवर काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, आतले लोखंड गंजते, पायवाटेकडेचे गवत करपते. बुटांवरचे पांढरे डाग हे त्यातले सर्वांत किरकोळ नुकसान. ते व्हिनेगर घातलेल्या पाण्याने जातात. भारतातून पहिल्यांदा गेलेला विद्यार्थी तेवढेच आधी शिकतो.

बर्फावर चालायचेच टाळावे, हाही एक मार्ग आहे. मिनेसोटा विद्यापीठात ‘गोफर वे’ नावाचे भुयारी आणि पुलांवरचे जोडमार्ग आहेत, वॉशिंग्टन अॅव्हेन्यू पुलावर पादचाऱ्यांसाठी बंदिस्त मार्ग आहे. कॅनडातील ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात सुमारे ५ किलोमीटरची भुयारे आहेत. मिशिगनमधील हॉलंड गावात वीज केंद्राचे गरम पाणी पदपथांखालून फिरवतात. तिथल्या होप कॉलेजच्या काही वाटांखालीही अशाच नळ्या आहेत.

मीठ जास्त पडण्यामागे शास्त्रापेक्षा कोर्टाची भीती मोठी असते: कोणी घसरून पडले, तर दावा जागेच्या मालकावर. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ मध्ये प्रशिक्षित, प्रमाणित कंत्राटदारांना आणि त्यांना नेमणाऱ्या मालकांना अशा दाव्यांपासून मर्यादित संरक्षण देणारा कायदा केला.