रायझोबियम की मायकोरायझा? पाकीट उचलण्याआधी

खानदेशात रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही कृषी केंद्रात पेरणीच्या दिवसांत जैविक खतांची ही दोन्ही नावे काउंटरवर दिसतात. गिऱ्हाईक म्हणते ‘मुळ्या वाढवायचं काहीतरी द्या’ आणि दुकानदार हाताला लागेल ते देतो. दोन्ही नावांत ‘रायझा’ आहे, म्हणजे ग्रीकमध्ये झाडाची मुळी. दोन्ही नावे ठेवणारा माणूसही एकच, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक: मायकोरायझा १८८५ साली, रायझोबियम १८८९ साली. नात्यातले एवढे सोडले तर दोन्हींची कामे वेगळी आहेत.

रायझोबियम हा जिवाणू. तो फक्त शेंगवर्गीय पिकांच्या मुळीत शिरतो, तिथे गाठी तयार होतात आणि त्या गाठींत हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला घेता येईल अशा रूपात येतो. मायकोरायझा हे एका जीवाचे नाव नाहीच. बुरशी आणि मुळी यांच्या भागीदारीला ते नाव आहे. पाकिटात मिळतात ते त्या बुरशीचे बीजाणू आणि बुरशी लागलेल्या मुळ्यांचे तुकडे. ही बुरशी हवेतला नत्र धरत नाही. केसाहून बारीक धागे मातीत पसरवून मुळी पोचत नाही तिथला स्फुरद (फॉस्फरस), थोडे जस्त आणि पाणी ती आणून देते, बदल्यात पिकाची साखर खाते.

म्हणून कपाशीला, केळीला किंवा मिरचीला रायझोबियम चोळणे म्हणजे सरळ पैसे पाण्यात. त्या मुळ्यांवर गाठी येतच नाहीत. मायकोरायझा मात्र या तिन्हींना चालते, शिवाय कांदा, मका, ज्वारी आणि कडधान्यांनाही. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट यांच्या मुळीशी तिचे जमत नाही.

कडधान्यातही कुठलेही रायझोबियम चालत नाही. हरभऱ्याचे वेगळे, सोयाबीनचे वेगळे. मूग, उडीद, तूर आणि चवळी यांचा गट एक. पाकिटावर पिकाचे नाव नसेल तर ते घेऊ नये. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. एकरी २५ ते ३० किलो हरभरा पेरत असाल तर तीन पाकिटे लागतील. साधारण १२५ ग्रॅम गूळ लिटरभर पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा, त्यात पाकीट कालवायचे आणि लागेल तेवढेच पाणी बियाण्यावर शिंपडत हलक्या हाताने चोळायचे. गूळ गरम असतानाच घाई केली तर जिवाणू तिथेच मरतात. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी रायझोबियम. क्रम उलटला तर औषध थेट जिवाणूंवर बसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटाची मुदत छापील तारखेआधीच संपलेली असते. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवात मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. तो आकडा टिकतो तो गारव्यात ठेवल्यावर.

रायझोबियम लागले की नाही हे पाहता येते. हरभरा ४०-४५ दिवसांचा झाला की दोन-चार झाडे कुदळीने मातीसकट काढावीत (उपटली तर गाठी जमिनीतच राहतात) आणि बादलीत भिजवून मुळ्या हळूच धुवाव्यात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-तांबडी दिसली तर नत्राचे काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. पांढरी किंवा हिरवट गाठ काम करत नाही. युरियाचा हात सैल सुटला असेल तर गाठीच कमी दिसतात, कारण आयता नत्र मिळाला की पीक जिवाणूला जवळ करत नाही. सूत्रकृमीच्या (मुळीत शिरणाऱ्या बारीक किड्यांच्या) गाठी पाहून मात्र खूश होऊ नका: त्या मुळीचाच फुगीर भाग असतात, निघत नाहीत. रायझोबियमची गाठ मुळीच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते.

मायकोरायझाचे असे काही दिसत नाही. मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय आत बुरशी आहे की नाही कळत नाही, म्हणून फसवायला हे उत्पादन सोपे. ही बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढत नाही, नुसत्या प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तिला वाढवता येत नाही. त्यामुळे फारच स्वस्त मिळाले तर शंका घ्यावी.

मायकोरायझा मुळीला टेकली पाहिजे. केळीत कंद किंवा रोप ठेवण्याआधी खड्ड्याच्या तळाशी, मिरचीत रोपवाटिकेच्या वाफ्यातच. उभ्या पिकात वरून फेकलेली काळ्या जमिनीत वरच्या थरातच पडून राहते. टिश्यू कल्चरच्या केळी रोपांना ती विशेष उपयोगी, कारण निर्जंतुक बाटलीतून आलेल्या त्या मुळ्यांना बुरशीची ओळखच नसते. मात्रा लेबलवरचीच घ्यावी. बीजाणूंची संख्या उत्पादनागणिक बदलते, शेजाऱ्याच्या किलोचा हिशोब आपल्याला लागू होत नाही.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, म्हणून मायकोरायझाला इथे खरे काम आहे. पण त्याच खड्ड्यात मुठीने डीएपी (स्फुरदाचे रासायनिक खत) टाकले तर ती मुळीत धरत नाही. भरपूर स्फुरद हाताशी असताना झाड बुरशीला साखर देत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे ड्रेंचिंगही (मुळाशी ओतणे) तिला मारते.

हरभऱ्यात दोन्ही एकत्र चालतात: रायझोबियम बियाण्याला, मायकोरायझा तासात (पेरणीच्या सरीत) बियाण्याखाली. गाठींना नत्र बांधायला स्फुरद भरपूर लागतो, त्यामुळे ही जोडी परवडते.

आणि दुकानात कोणी ‘रायझोक्टोनिया’ म्हणाले तर तेही त्याच ग्रीक मुळीचे नाव, पण अर्थ ‘मुळी मारणारा’. हरभऱ्याची आणि कपाशीची मूळकूज करणारी ती बुरशी. तिचे नाव ज्या डब्यावर असेल तो तिला मारायचा डबा आहे, बियाण्याला जोडीदार म्हणून लावायचा नाही.